आक्काबाईंचे डिंकाचे लाडू

मोशीच्या आक्काबाईंना अभिमान होता तो स्वतःच्या भरल्या अंगाचा, आणि तक्रार होती ती सून तनुजाच्या काडीसारख्या अंगाची. चाकणच्या कंपनीत शिफ्ट करणाऱ्या या सुनेला त्या लग्नापासून ऐकवत आल्या होत्या, "सुनंला जेवाय घालत न्हाईत, असं म्हंत्यात लोकं आमाला!"

मग कॅन्सरमुळे तनुजाचा डावा स्तन काढावा लागला. घरी आल्यावर तिने खोलीतल्या आरशावर टॉवेल टाकला, तो तसाच राहिला. उपचार संपले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पुढचं समजावलं. सिलिकॉनचा स्तन बसवता येतो, पण रेडिएशन घेतलेल्या कातडीखाली तो त्रास देण्याची शक्यता जास्त. पाठीचा स्नायू पुढे वळवता येतो. पोटाची चरबी नि कातडी घेऊनही नवा स्तन घडवता येतो. आणि काहीच केलं नाही तरी चालतं.

"पोटाचं छान झालं असतं, पण यांना पोटच नाही," बाई हसून म्हणाल्या.

आक्काबाईंनी भर दवाखान्यात पदर बाजूला केला. "माझं घ्या की! लोकं किडनी देत्यात, मी येवढं देऊ नगं व्हय?"

"आजी, किडनीचं वेगळं. हे ज्याचं त्यालाच लागतं."

इतक्या वर्षांची कमाई अशी वाया गेलेली पाहून आक्काबाई हिरमुसल्या. पण गप्प बसतील तर त्या आक्काबाई कसल्या! दुसऱ्या दिवसापासून घरात डिंकाचे लाडू सुरू झाले. चहाबरोबर लाडू, डब्यात लाडू, शिफ्टवरून आल्या आल्या लाडू. तनुजाचं पोट काही हललं नाही; तिचा नवरा रोहिदास मात्र चांगलाच गोल झाला.

एका दुपारी तनुजाने ताटली सरकवली. "आत्या, मला नाही करायचं ऑपरेशन. पुन्हा त्या टेबलावर झोपायला नको वाटतं. मी अशीच राहिले, तर तुम्हाला चालेल ना? चारचौघांत?"

आक्काबाईंना रडू फुटलं, आणि सुनेपुढे रडायची त्यांना मुळीच सवय नव्हती.

"मला काय करायचीत चारचौघं? तू आरसा झाकलास. मला वाटलं, तुलाच पायजे. म्हनून वळत बसले मी लाडू."

तनुजा उठून खोलीत गेली. आरशावरचा टॉवेल ओढून तिने आणला आणि सासूच्या हातात दिला.

आक्काबाईंनी खसाखसा डोळे पुसले आणि ताटली पुन्हा तिच्यापुढे ढकलली.

"ऑपरेशन नगं तर नगं. लाडू संपव. काय अंग हाय का तुजं!"