नानांचं भेटायला येणं

गावात कुणाकडे मयत झाली की माणसं भेटायला येऊन ओसरीवर बसत. नाना मात्र मागच्या अंगाने थेट गोठ्यात जात. जनावरांना पाणी दाखवत, कडबा टाकत, शेण ओढून ठेवत आणि आल्या वाटेने निघून जात. एकदा कुणीतरी त्यांना विचारलं, "कावून हो नाना, घरात येऊन दोन शब्द बोलत न्हाई?" तर म्हणाले, "माणसापाशी रडायला माणसं हायत. दावणीला जनावर तहानलेलं आसतंय, त्याची याद कुणाला ऱ्हाती?"

नाना धनगर. शिरूर कासारजवळच्या आमच्या गावात त्यांची चाळीसेक मेंढरं होती. मी तिथल्या शाळेत शिकवायची, म्हणून ते मला 'बाई' म्हणत. त्यांची बायको कोंडाबाई फार भाविक. रोज दिवेलागणीला मारुतीच्या देवळात जाऊन अभंग म्हणायची. नाना कधी देवळाकडे फिरकले नाहीत, आणि त्याचा त्यांनी कधी गवगवाही केला नाही. देवाचा विषय निघाला की "आसंल तर आसंल," म्हणून ते मेंढरांना हाक घालत.

माझे यजमान चौसाळ्याजवळ हायवेवर ट्रकखाली गेले, तेव्हा माझं घर माणसांनी भरलं. देवाची मर्जी, मागच्या जन्मीचं काहीतरी, चांगल्या माणसाची त्यालाही गरज असते, असं जो तो सांगत होता. तोवर मी सगळे उपासतापास करणारी होते. त्या दिवसांत मला देव्हाऱ्याकडे बघवेना. भिंतीला टेकून बसले ती उठलेच नाही.

तिसऱ्या दिवशी नाना पहिल्यांदाच उंबऱ्यापाशी आले. "बाई, तुमची म्हैस मला हात लावू देईना. सड तटतटून गेलेत. तुमीच या."

नणंद म्हणाली, सुतकात कुठं निघालीस? मी गेले. म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून धार काढायला बसले आणि तिथे मला पहिलं रडू फुटलं. चरवी भरली तरी थांबेना. नाना पाठ करून कडबा तोडत राहिले.

पुढे एकदा मी त्यांना म्हटलं, "नाना, म्हैस तर तुमच्या हाताला मुकाट्याने उभी राहते."

"ऱ्हाती की. तुमाला उठवायचं व्हतं."

"मग देव आहे का हो, नाना?"

"मला काय म्हाईत, बाई. सांजची धार ऱ्हायलीय, येवढं म्हाईत हाय." त्या उत्तरावर मी पुढची दोन वर्षं काढली.

मग त्यांची मंगल गेली. एकुलती एक लेक. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलेली, दिवस भरलेले. दवाखाना गाठण्याआधी फडाजवळच्या कोपीतच, पाचटाच्या झोपडीत अडली. आई आणि बाळ, दोघंही गेली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तिला गावी आणलं, तेव्हा नाना ट्रॉलीची फळी धरून उभे होते. ती त्यांच्या हातून सोडवायला दोन माणसं लागली.

आठवडाभर मेंढरं वाघुरातच कोंडलेली होती. त्या जाळीच्या कुंपणात शिरून मी त्यांना पाणी पाजलं, पाला टाकला. मग नानांपुढे जाऊन म्हणाले, "नाना, एक कोकरू आईला लुचत नाही. तुम्हीच या."

ते कसनुसं हसले. "माझीच थाप मला मारता व्हय, बाई?" तरीही उठले. कोकरू उचललं, छातीशी धरलं, बराच वेळ धरलं. मग हळूच खाली ठेवलं. "न्हाई, बाई. आता कशानंच काय व्हत न्हाई."

महिन्याभरात त्यांनी मेंढरं मेव्हण्याकडे पाठवून दिली. कोंडाबाई भजनाला जातच राहिली. तिच्या आवाजात आता रडणं मिसळलं होतं, पण ती गायची. एकदा नाना मला म्हणाले, "हिला रडायला जागा हाय. मला ती बी न्हाई."

आणि एका संध्याकाळी ते देवळाच्या पायरीवर बसलेले दिसले. आत गेले नाहीत, हात जोडले नाहीत. मग रोजच येऊ लागले. न राहवून मी विचारलं, "बरं वाटतं का इथं?"

"देवाचं काय कळत न्हाई," ते म्हणाले. "हिचा आवाज ऐकू येतो."

बरं वाटतं असं काही ते म्हणाले नाहीत. जेवण तुटत गेलं होतं. उन्हाळा लागता लागता ते गेले. दुखणं असं काहीच नव्हतं.

दिवस झाल्यावर कोंडाबाई भजनाला येईल असं सगळ्यांना वाटलं. ती आली नाही. पंधरा दिवसांनी मी तिच्याकडे गेले. ती चुलीपुढे बसली होती, चूल विझलेली होती.

"कोंडाबाई, देवळात येत नाहीस?"

"काय करू येऊन, बाई?" ती म्हणाली. "मंगल गेली तवाच देव माझ्याशी बोलायचा थांबला. मी म्हणत व्हते ते बाहीर ह्यांना ऐकू जावं म्हणून."