राउटरचा वास घेणारे दाजी

आमचे दाजी जुना राउटर विकत घेण्याआधी त्याचा वास घ्यायचे. बाजारात खरबूज हुंगतात ना, अगदी तसा. पेटी दोन्ही हातांत धरायची, मागची जाळी नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे आणि एक लांब श्वास. मग निकाल. "ही जळालेली हाय. लाईटचा झटका खाल्लाय हिनं." नाहीतर, "ही जिनिंगमधली हाय. कापसानं छाती भरलीय, सहा महिने काढायची न्हाई." मी इंजिनिअर, पदवीवाला. कुणी बघत नाही असं पाहून मीही एकदा वास घेऊन पाहिला. नाकात धूळ गेली आणि ओळीनं सात शिंका आल्या. दाजींनी उघडून दाखवली तर आत खरोखर कापूस! माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. चौसाळ्याला हायवेला लागून त्यांचं केबलचं दुकान होतं. शिक्षण बारावी आणि वर आयटीआय. आमचं घर तेलगावला. ऊस, कापूस, आई, नाना आणि पदवी घेऊन दोन वर्षं घरी बसलेला मी. पुण्याच्या एका मित्रानं त्याच्या कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकला होता. "नेटवर्किंगचं सर्टिफिकेट घेऊन ये, जागा आहे," असं तो म्हणाला होता. म्हणजे परीक्षा द्यायची, आणि परीक्षेसाठी घरीच दोन-तीन राउटर मांडून, ते जोडून, मोडून, परत जोडून सराव करायचा. दाजींनाही तीच परीक्षा द्यायची होती. मोबाइलवर सगळं फुकट दिसायला लागल्यापासून लोक केबल काढून टाकत होते आणि दुकान दर महिन्याला थोडं थोडं बसत चाललं होतं. अक्काला दोन लेकरं. दाजींना पगाराची नोकरी हवीच होती. एका घरात एकाच परीक्षेला सख्खे मेहुणे बसले, तर काय होतं ते मी सांगतो. जो जास्त शिकलेला असतो तो जास्त जळतो.

मी आधी त्यांना सांगून पाहिलं होतं, की संगणकावर खोटे राउटर मांडून सराव करता येतो, खर्चच नाही. दाजी स्क्रू पिळत होते. मान वर न करता म्हणाले, "पोहायचं पुस्तक वाचून हिरीत उडी मारतूस का बे?" नाना ओसरीवर बसले होते, ते मोठ्यांदा हसले. नानांचं हे हसणं मला फार लागायचं. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर दाजींनी एकदा दहा मिनिटांत नीट करून दिला, त्या दिवसापासून नानांची भक्ती जडली ती जडलीच. जरा काही बिघडलं की "दाजीला इचार." टीव्ही, मोटार, मिक्सर, दाजीला इचार. शेजाऱ्यांत बसून ते लोकांना सांगायचे, "पोराला शिकवलं आन अक्कल जावयाला आली." लोक हसायचे. मी आत जाऊन उगीच पाणी प्यायचो.

दाजींची एक खाकी पिशवी होती. तिच्यात एक पॉवरची वायर, राउटरला लॅपटॉप जोडायची निळी चपटी केबल, दोन पेचकस आणि रंगाचा जुना ब्रश. लॅपटॉपचं बिजागर तुटलेलं, तो रबरानं बांधलेला. जुनं सामान विकणाऱ्याच्या दारात ही पिशवी घेऊन ते पंगतीला बसल्यासारखे मांडी घालून बसायचे. "उघडल्याबिगर घ्यायची न्हाई, चालू केल्याबिगर उठायचं न्हाई," हा त्यांचा नियम. पेटी उघडायची, ब्रशनं झाडायची, मेमरी किती आहे ते बघायचं, जोडणीचं कार्ड जागेवर आहे का ते बघायचं, मग वीज द्यायची आणि पंख्याचा आवाज ऐकत बसायचं. विकणारा कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जायचा. मी बाहेर मोटारसायकलवर बसून घड्याळ बघायचो.

मला चकचकीत, नव्यातला नवा राउटर हवा असायचा. शिकायचं तर भारीवरच शिकावं, असं माझं म्हणणं. दाजी म्हणायचे, "वरातीला घोडा लागतो इंजनेर, शर्यतीचा न्हाई लागत. परीक्षेत काय इचारतेत? त्येवढं जिला येतंय ती पेटी आपली." त्यासाठी त्यांनी अभ्यासक्रमाची छापील पानं काढून त्यावर मराठीत खुणा केल्या होत्या. कुठल्या जातीच्या पेटीला काय येतं आणि काय येत नाही, सगळं पेन्सिलीनं. इंग्रजी वाचताना त्यांचं बोट ओळीखालून सरकायचं आणि ओठ हलायचे. ते बघून मला मनातून गार वाटायचं. बरं झालं, एक तरी गोष्ट याला येत नाही.

आणि त्यांना पेट्या तीनच हव्या असायच्या. दोन का नकोत, असं मी एकदा विचारलं. "दोघांत एकच वाट असती. तिसरा आला की वाट निवडावी लागती. राउटरचं काम सुरूच तिथून होतंय." माझ्या कॉलेजात हे समजावायला सरांनी अख्खा तास घेतला होता, आणि तरी मला ते दाजींकडूनच कळलं. कळलं म्हणून मी कबूल केलं, असं नाही. मी म्हणालो, "ते माहितीये मला."

घेतलेली पेटी ते लगेच कोरी करायचे नाहीत. बहुतेक लोक आधीच्या मालकाचं सगळं पुसूनच सुरुवात करतात. दाजी पासवर्डचं कुलूप काढायचे आणि आत आधीच्यानं काय काय लिहून ठेवलंय ते सावकाश वाचत बसायचे. "आधी तिचं ऐकून घ्यावं, मग आपलं सांगावं." एका पेटीत कुठल्या तरी बँकेच्या उमापूर शाखेचं नाव निघालं. ही बया रोज उमापूरशी बोलायची म्हणून त्यांना कोण आनंद झाला! आधीच्यानं कुठं काय चुकवलंय तेही ते हुडकायचे. दुसऱ्याच्या चुकांवर त्यांचा अर्धा अभ्यास झाला. मी पाठ करत होतो आणि विसरत होतो.

असे त्यांनी आठ महिन्यांत तीन राउटर जमवले. दिसायला कळकट; एकाचा तर कोपरा चेपलेला. पण तिघे सुरू केले की एका सुरात घुमायचे. माझ्याकडे एकही नव्हता. चौसाळ्याला जाऊन त्यांच्याच पेट्यांवर सराव करायचो आणि घरी आल्यावर नाना विचारायचे, "काय शिकवलं दाजीनं आज?" शिकवलं! जेवण जायचं नाही मग मला.

परीक्षेला दोन महिने उरले तेव्हा एका गुरुवारी दाजींचा फोन आला. "इंजनेर, तुमच्या तेलगावातच माल आलाय. एक पतसंस्था बंद पडली, तिच्या तीन पेट्या भंगाराच्या दुकानात आल्यात म्हणं. पतसंस्थेचा माल एसीत लाडानं वाढलेला असतोय. म्या रविवारी येतो, दोघं मिळून बघू. तुपला संच होऊन जाईल." मी "बरं" म्हणालो. फोन ठेवला आणि डोक्यात किडा वळवळला. रविवार कशाला? माझं गाव, माझी परीक्षा आणि निवड मात्र दाजींची? परत नाना म्हणायला मोकळे, दाजीनं घेऊन दिले.

शुक्रवारी सकाळीच मी दुकानात हजर. तिन्ही पेट्या काय देखण्या होत्या! एक ओरखडा नाही. दुकानाचे चाचा सरळ माणूस. ते स्वतःहून म्हणाले, "खोल के देख लेव बाबा. अंदर क्या है, मेरेकू नै मालूम." पेचकस पुढे केला त्यांनी. आणि मी म्हणालो, "चाचा, मी इंजिनिअर आहे." हे वाक्य मला अजूनही आंघोळ करताना आठवतं आणि अंगावर पाणी घेता घेता हात थांबतो. पेट्या मी पोत्यात घातल्या आणि घरी येऊन टेबलावर मांडल्या. नानांना मुद्दाम बोलावून दाखवल्या. "मी आणल्या. दाजींना न विचारता."

संध्याकाळपर्यंत एकही बोलली नाही. पंखे फिरायचे, दिवे लागायचे, पुढे काही नाही. शनिवारी पेच काढले तर आतून मेमरी काढून घेतलेली, जोडणीचं एकही कार्ड नाही. ते जुनं सामान हुडकत मी माजलगावपर्यंत फिरलो. मिळालं नाही. हातातले पैसे गेले होते आणि दोन महिनेच उरले होते. पुण्याची जागा माझ्यासाठी अडून राहणार नव्हती.

रविवारी दाजी आले. खाकी पिशवी खांद्याला. टेबलावरच्या पेट्या त्यांनी पाहिल्या आणि त्यांना सगळं कळलं. शुक्रवारही कळला असणार. एक पेटी उचलली, वास घ्यायला वर नेली आणि वजनावरूनच खाली ठेवली. "पोकळ कवठ हाय बे. वरून टणक, आत वारं." नाना तिथंच होते. ते चिडून म्हणाले, "आरं दाजीला इचारायचं न्हाई का आधी? कावून आणल्या एकट्यानं?" माझी मान खाली. तेवढ्यात दाजी म्हणाले, "न्हाई नाना, मीच म्हणलतो त्याला, घेऊन ठेव म्हणून. चूक मपली हाय."

माझी अब्रू वाचवली त्यांनी. वाटायला हवा होता उपकार, वाटला संताप. एवढं मोठं मन घेऊन माझ्या घरात यायचं कामच काय या माणसाला, असं वाटलं मला. शिव्या दिल्या असत्या तर फिटंफाट झाली असती.

दोन दिवसांनी दाजी परत आले. मोटारसायकलला गोधडीत गुंडाळलेला मोठा गठ्ठा बांधला होता. त्यांच्या तिन्ही पेट्या. "तुपली तारीख लागलीय. मपली लागायचीय अजून. झालं की दे आणून." आईनं चहा केला, तो घेऊन ते गेले. मी त्यांना धड थँक्यूही म्हणालो नाही. त्या पेट्यांवर दोन महिने राबलो, उमापूरच्या शाखेपासून सगळं वाचलं, पुण्याला जाऊन परीक्षा दिली आणि पास झालो. पेढे घेऊन चौसाळ्याला गेलो. गठ्ठा परत केला. महिन्याभरात पुण्याला नोकरीवर रुजू झालो.

त्यानंतर दाजी परीक्षेला बसले आणि नापास झाले. हातांना सगळं येत होतं, पण प्रश्न इंग्रजीत वाचता वाचता वेळ संपला. दुसऱ्यांदाही तसंच. अक्कानं फोनवर सांगितलं तेव्हा मी "अरेरे" म्हणालो. त्या दिवशी मी एक पोळी जास्त खाल्ली. लिहितो आहे तर खोटं कशाला लिहू? तिकडे अक्का शिलाईकाम करून घर ओढत होती, आणि मी इकडे पोळी खात होतो.

मागच्या वर्षी तिसऱ्या वेळेला ते पास झाले. हैदराबादला एका मोठ्या कंपनीत त्यांना नोकरी लागली. जुनी यंत्रं पारखून घ्यायची, तेच काम. पगार माझ्यापेक्षा थोडा जास्तच. अक्कानं आकडा सांगितला तो मी दोनदा विचारून घेतला.

ते निघाले तेव्हा मी चौसाळ्याला गेलो होतो. अक्का आणि लेकरं शाळेचं वर्ष संपल्यावर जाणार होती. हायवेवर आम्ही दोघंच गाडीची वाट बघत उभे. ट्रक जात होते. दाजी एकदम म्हणाले, "एक सांगू का? राग नको मानू."

"सांगा की."

"तू पास होऊन पेढे घेऊन आलतास ना, तवा मला त्यो पेढा गिळंना. लई जळलो बे मी. म्हणलं, पेट्या मपल्या, आन पास ह्यो. आठ दिवस तुझ्या अक्काशी नीट बोललो न्हाई. तुला फोनसुदी केला न्हाई, ध्यानात हाय का?" आणि हसले. नेहमीसारखेच, मोठ्यांदा. "मनात ठिवलतं इतकी वर्षं. आज बोलून टाकलं. बरं वाटलं."

मग ते माझ्याकडे बघत राहिले. आता माझी पाळी आहे, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. शुक्रवार माझ्या जिभेवर होता. जास्तीची पोळी होती. नानांचं हसणं होतं. दाजी, तुम्ही आठ दिवस जळलात, मी अजून जळतोय, एवढंच म्हणायचं होतं. लांबून गाडी दिसायला लागली. कंडक्टर दारातून ओरडत होता. दाजींनी पिशवी खांद्यावर घेतली तरी ते माझ्याकडेच बघत होते.

मी म्हणालो, "पाण्याची बाटली घेतली का, दाजी?"

"घेतली की," दाजी म्हणाले, आणि गाडीत चढले.