आधी पान, मग बॅट

आमच्या घरात कोणीही मला कुठलंही काम सांगू शकतं. एक तर मला नाही म्हणता येत नाही, आणि दुसरं म्हणजे ‘सध्या काय चाललंय?’ असं कोणी विचारलं की मी ‘काही नाही’ असं खरं उत्तर देऊन बसते. माझे धाकटे दीर पंचवटीतल्या एका शाळेत खेळाचे शिक्षक आहेत. एका रविवारी ते आमच्या गंगापूर रोडच्या घरी आले, पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा मागून घेतले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

“वहिनी, तुमचं बी.ए. मराठी वाया जातंय.”

“ते लग्नाच्या दिवशीच गेलं, भाऊजी.”

“मी काही अडवलं नव्हतं,” पेपरामागून आमच्या ह्यांचा आवाज आला.

काम असं होतं. भाऊजींना शाळेत मुलींचा बेसबॉलचा संघ उभा करायचा होता. मुलींचाच, कारण मुलगे क्रिकेट सोडून येईनात. बॅटी, ग्लोव्ह, हेल्मेट असं सगळं सामान एका संस्थेने द्यायचं कबूल केलं होतं, पण अट घातली होती: खेळाबरोबर वाचनही झालं पाहिजे. सातवी-आठवीच्या मुली आणि पाठ्यपुस्तकातला धडा धड वाचता येत नाही, हे संस्थेला कुठून तरी कळलं होतं. खेळाची बाजू भाऊजींची. वाचनाची बाजू फुकटात सांभाळणारं कोणीतरी हवं होतं. पोहे संपले तेव्हा ते कोणीतरी मी झाले होते.

माझ्या नणंदेला फोनवर सांगितलं तर ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. “वहिनी, तुम्ही आणि बेसबॉल? तुम्हाला अजून लुडो नीट येत नाही!” हे खरं आहे.

नियम भाऊजींनीच केला: आधी पान, मग बॅट. मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली मी सतरंजी घालून बसायचं, मुलीने एक पान मोठ्याने वाचायचं आणि मगच तिला बॅट मिळायची. पहिल्या दिवशी मी कॉलेजमधलं कवितांचं पुस्तक घेऊन गेले. पुस्तकाला अजून माझ्या वेळच्या पिंपळपानाचा वास होता, निदान मला तरी येत होता. तिसऱ्या कवितेला एक मुलगी म्हणाली, “काकू, ही बाई सारखी रडते का हो?” आणि सगळ्या जणी हसत सुटल्या. दुसऱ्या दिवशी पुस्तक कपाटात गेलं.

मग मला एक सुचलं. आयुष्यात मला ज्या दोन-तीन गोष्टी सुचल्या त्यातली ही बरी होती. रोज रात्री भांडी आवरली की मी त्या दिवशीच्या खेळाची बातमी लिहायची, मोठ्या अक्षरात, एका पानाची. कोण कशी बाद झाली, कोणी कोणावर डोळे वटारले, सर कोणावर ओरडले. दुसऱ्या दिवशी तेच पान वाचायला द्यायचं. आपलं नाव कुठे येतं ते शोधायला मुली पानावर अशा तुटून पडायच्या की मला चष्मा सांभाळावा लागायचा. माझं सगळं प्रकाशित साहित्य एवढंच. वाचक बारा, आणि बाराही टीकाकार.

“काकू, मी पडले नव्हते, मुद्दाम घसरले होते!”

“बरं, खोडते.”

“खोडू नका, नवीन लिहा.”

खेळात या सगळ्या मुलींची एकच खोड होती, आणि ती आपल्याकडच्याच मुलींना असणार. गल्लीत भावांमागे क्रिकेट खेळून मोठ्या झालेल्या. चेंडू मारला की बॅट हातात घेऊनच पळायच्या, आणि उजव्या हाताच्या पहिल्या बेसकडे जायचं सोडून सरळ समोर, चेंडू टाकणारीकडे. भाऊजी घसा फोडून ओरडायचे, “बॅट टाक! बॅट टाक!” आणि चेंडू टाकणाऱ्या मुली जमिनीवर टप्पा पाडायच्या, जो या खेळात चालत नाही. टप्पा पाडल्याशिवाय हातच मोकळा व्हायचा नाही.

एक मुलगी सोडून. आठवीतली, सडपातळ, बोलायला कमी. ती गल्लीत कधी क्रिकेट खेळलीच नव्हती, कारण वेळच नव्हता. घर मूळचं हरसूलकडचं, आईबाप शहरात बांधकामावर. शाळेच्या आधी ती पंचवटीच्या भाजीबाजारात मावशीच्या गाळ्यावर असायची. टेम्पोवरून माणसं कोबीचे गड्डे फेकतात आणि खालच्यांनी ते झेलून रचायचे असतात, ते काम तिचं. पहिल्या दिवशी भाऊजींनी तिच्याकडे चेंडू फेकला, तिने तो न बघितल्यासारखा एका हाताने घेतला आणि तसाच सरळ, टप्पा न पाडता परत फेकला. भाऊजींचा हात झिणझिणला. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “वहिनी, पोहे वसूल झाले.” आठवडाभरात ती संघाची पिचर झाली, म्हणजे चेंडू टाकणारी.

वाचनात मात्र ती शेवटची. अक्षर अन् अक्षर सुटं वाचायची, आणि शब्दाच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायची. बाकीच्या पान वाचून पळायच्या, ती सतरंजीवर एकटीच उरायची. भाऊजी लांबून खुणा करायचे, सोडा तिला. मी सोडायलाही तयार होते. तीच उठायची नाही.

“थांबा काकू, हे पान संपू दे.”

“उद्या वाच गं, उजेड चाललाय.”

“नाय. उद्याचं पान वेगळं असंल.”

एकदा मी विचारलं, एवढी हौस कशाची? म्हणाली, “एस्टीची पाटी वाचायची हाय. मागच्या सुट्टीत आजीकडं निघाले नि पेठच्या गाडीत बसले. कंडक्टर लय हसला.” त्यानंतर मी बातम्यांमध्ये गावांची नावं घालायला लागले. पेठ, हरसूल, दिंडोरी, सिन्नर. अमुकीने मारलेला चेंडू थेट सिन्नरला गेला, असं. दिवाळीनंतर कधीतरी तिने एक अख्खं पान न अडखळता वाचलं. वाचून झाल्यावर मान वर केली नाही. परत पहिल्या ओळीपासून वाचलं. मी आपली उगाच सतरंजीवरच्या कडुनिंबाच्या काटक्या वेचत बसले.

त्याच सुमारास तिची आई मैदानावर आली. डोक्याला रुमाल, पायाला सिमेंट. भाऊजींसमोर उभी राहून म्हणाली, “सर, आठवी झाली का बास. तिचा बाप म्हनतो, हॉस्टेल भेटलं तर शिकंल, नायतर मावशीकडं गाळ्यावर बसंल. मंग तुमीच सांगा, भेटंल का?”

भाऊजींनी तिला समजावून सांगितलं. खेळणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह असतं, राहणं-खाणं-शाळा सगळं तिथेच. चाचणी असते, पण चाचणीला बोलावतात ते राज्य स्पर्धा खेळलेल्या मुलींना. जिल्ह्याचा संघ आता निवडायचा आहे आणि निवडणारे भाऊजीच. “बाई, हिच्याशिवाय संघ होतच नाही,” असं ते म्हणाले. मी तिथेच बसले होते. हे वाक्य मी ऐकलंय.

आता आमच्या घरची गोष्ट. माझी भाची, म्हणजे याच नणंदेची मुलगी, दहावीत. गोड पोरगी आहे, वाईट बोलायचं नाही, पण गणित आणि ती एका खोलीत फार वेळ राहू शकत नाहीत. राज्य स्पर्धेत खेळलं की दहावीला वाढीव गुण मिळतात, हे नणंदेला क्लासमधल्या दुसऱ्या आयांकडून कळलं. तोपर्यंत बेसबॉल म्हणजे हसायचा विषय होता. आता नणंद रविवारी स्वतः श्रीखंड घेऊन आली आणि ताटावर बसल्या बसल्या भाऊजींना म्हणाली, “काय रे, तुझ्या त्या बेसबॉलला किती मुली लागतात?”

“राखीव धरून सोळा, ताई.”

“मग सोळात एक भाची नाही बसत तुझी?”

“ताई, तिने बॅट धरलेली नाही कधी.”

“मग राखीवात बसव ना. नुसती बसेल. बसायला काय बॅट लागते?”

सगळे हसले. खरं म्हणजे मीही हसले, वाक्य चांगलं होतं. हसणं थांबल्यावर मला दिसलं की भाऊजी हसून झाल्यावर विचार करतायत.

नंतर स्वयंपाकघरात मी त्यांना गाठलं. “भाऊजी, कोणाला काढणार?”

त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. एकीचे वडील पोलिसात. एकीचे काका संघटनेत. दोघी दुसऱ्या शाळेच्या, काढल्या तर त्या शाळेचे सर भांडायला येणार. असं करत करत बोट जिथे थांबलं, तिथे थांबलं.

“अहो, ती तुमची पिचर आहे!”

“दुसरी आहे एक. जरा टप्पा पाडते, पण होईल तयार. आणि वहिनी, मोकळं बोलू का, हिचं वाचन अजून कच्चं आहे. हॉस्टेलच्या शाळेत टिकायची नाही. मध्येच पळून आली तर जास्त वाईट.”

“तिला आता वाचता येतं.”

“तुमचं वाचतात हो सगळ्या. पुस्तक वेगळं.”

हे मला बरोबर लागायचं तिथे लागलं. मग ते आवाज खाली करून म्हणाले, “तिच्याकडून विचारायला कोण येणारे, सांगा ना.”

मी ह्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, “तो तुझा आणि त्याचा खेळ आहे, मला काय कळतंय त्यातलं.” नणंदेकडे विषय काढला तर ती म्हणाली, “वहिनी, त्या मुलीला पुढच्या वर्षी घेतील की. दहावी काही दर वर्षी नसते.” पुढच्या वर्षी ती मुलगी शाळेतच नसेल, हे मी तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. नणंदेने तिन्ही वेळा मान डोलावली आणि मला श्रीखंडाचा डबा परत देऊ नका म्हणाली. मग मी माझं शेवटचं शस्त्र काढलं: भाऊजींशी अबोला. तो आठवडाभर चालला. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. आमच्या ह्यांनीच शेवटी विचारलं, “तुझा घसा बसलाय का?”

भाऊजींनी एवढं मात्र कबूल केलं होतं की मुलीला ते स्वतः सांगतील, नीट, बाजूला घेऊन.

संघाचे शर्ट आले त्या दिवशी मी नेहमीसारखी सतरंजीवर होते. शर्टांच्या पाठीवरची आडनावं मराठीत छापा, असा हट्ट मागे मीच धरला होता. मुलींना वाचता तरी येतील, म्हटलं. भाऊजी खोकं ठेवून फोनवर बोलत कुंपणाकडे गेले, बस कितीला सुटणार वगैरे. मुलींनी खोकं फाडलं आणि एकच गिल्ला केला. कोणीतरी म्हणालं, “वाच गं तू, एकेक,” आणि शर्टांचा गठ्ठा तिच्याच हातात दिला. तीच संघाची पिचर होती, दुसऱ्या कोणाला कशाला देतील?

मी उठेपर्यंत तिने सुरुवात केलीसुद्धा. एक शर्ट उलगडायचा, पाठ समोर धरायची, आडनाव मोठ्याने वाचायचं आणि शर्ट फेकायचा. जिचं नाव ती किंचाळून झेलायची. दुसऱ्या शाळांच्या मुलींचे शर्ट ती घडी करून बाजूला ठेवत होती. कुठे अडखळली नाही. मी “थांब जरा,” म्हणाले, पण त्या गोंधळात माझा आवाज मलाच आला नाही. भाऊजींना हाक मारली, त्यांनी फोन कानाला तसाच ठेवून हात वर केला, आलो आलो.

खोक्यात शेवटचा शर्ट उरला. तिने तो उलगडताना आधीच हसायला सुरुवात केली होती. पाठ समोर धरली आणि माझ्या नणंदेचं आडनाव वाचलं. जोडाक्षराचं आहे, मोठ्या माणसांची जीभ अडते त्यावर. तिची अडली नाही. झेलायला कोणी पुढे आलं नाही. तिने शर्ट उलटा करून पुढची बाजू बघितली, मग खोक्याचा तळ बघितला, मग माझ्याकडे.

“काकू, बरोबर वाचलं ना मी?”

“बरोबर वाचलंस.”

तिने शर्टाची घडी केली, हातांनी दाबून सारखी केली आणि खोक्यात ठेवली. ग्लोव्ह काढून त्यावर ठेवला. भाऊजी फोन संपवून आले तेव्हा ती फाटकाबाहेर गेली होती. ते म्हणाले, “अरे, मी आज सांगणारच होतो.”

संघ राज्य स्पर्धेला गेला आणि पहिल्याच सामन्यात हरून आला. दुसरी पिचर टप्पे पाडत होती. भाचीला तीन दिवस बाकावर बसून पाठदुखी झाली, असं तिनेच मला सांगितलं, आणि म्हणाली, “मामी, मला कोणी विचारलंच नाही गं की मला जायचंय का.” तिच्यावर रागावता आलं असतं तर मला जरा सोपं गेलं असतं. निकालानंतर नणंदेने पेढे आणले. मी खाल्ला. चांगला होता. संस्थेने आमच्या उपक्रमाचा फोटो मागवला, भाऊजींनी पाठवला, त्यात मी कडुनिंबाखाली तोंड उघडं टाकून बसले आहे.

सतरंजी अजून घालते. बातम्या अजून लिहिते. मुली बदलल्या.

मागच्या आठवड्यात पंचवटीत भाजीला गेले होते. मुद्दामच गेले, आमच्या रोडवर भाजी मिळत नाही असं नाही. ती गाळ्यावर बसली होती, ओल्या गोणपाटावर मेथीच्या जुड्या रचत होती. “या काकू,” म्हणाली, आणि मी न मागता तिने चांगल्या बघून दोन जुड्या काढल्या. मी म्हटलं, खेळायचं राहू दे, नुसती वाचायला ये. संध्याकाळी अर्धा तास. मी तुझ्यासाठी वेगळी पानं लिहीन.

तिने पाण्याचा हात मेथीवर झटकला.

“नको काकू. त्या दिवशी वाचता आलं नसतं तर संध्याकाळपर्यंत खेळले तरी असते.”

मागच्या बाईने पिशवी पुढे करून मला कोपराने बाजूला सारलं आणि विचारलं, “ए पोरी, कोथिंबीर ताजी आहे ना?”