रवाळ मधाचा गुन्हा

बेटावरच्या रिव्हिएर दू रांपार गावात गोवर्धनला दोन गोष्टींवरून ओळखत: परसातल्या सहा मधपेट्या, आणि साखर कारखान्यात उसाचा रस आटवण्यात गेलेली बावीस वर्षं. पहिलीने त्याला मान दिला. दुसरीने घात केला.

१९८३चा ऑगस्ट, म्हणजे बेटावरचा हिवाळा, जरा जास्तच गार निघाला. चतुर्थी महिन्यावर आलेली. मंदिरात पंचामृताला मध गोवर्धनच्या घरचा, ही रीत त्याच्या वडिलांपासूनची. यंदा बरणी उघडली तर मध बसून रवाळ झालेला, चमचा उभा राहील असा. मंदिराच्या मंडळाचे चिटणीस बाबूराव, म्हणजे रोझ हिलच्या कचेरीतले कारकून आणि गावापुरते साहेब, यांनी बरणी उलटी धरली. थेंब पडेना. जन्मभर साखरेत हात, आणि मधात रवा! त्यांना आणखी पुरावा नको होता. पंचामृतात साखर वेगळी घालतातच, पण ती मधाच्या वेषात आलेली त्यांना चालणार नव्हती. सरकारी प्रयोगशाळेचा कागद आणा, नाहीतर आम्ही विकतचा मध आणू, असं त्यांनी सुनावलं.

थंडीत चांगला मधही असाच बसतो, हे गोवर्धनला पक्कं ठाऊक होतं. पण त्याला तोंतों, म्हणजे काका, म्हणणाऱ्या दुकानासमोरच्या बायका, तोंतोंनी पेन्शनीत साखर आणली वाटतं, म्हणून हसू लागल्या, आणि त्याचं डोकं फिरलं. मध तपासायला द्यायचाच तर देखणा करून देऊ. बायको सुनयना म्हणाली, आहे तसाच द्या. फारच वाटलं तर बरणी कोमट पाण्यात ठेवा. कढईसमोर बावीस वर्षं काढलेल्या माणसाला कोमट पाणी! त्याने यंदाचा सगळा मध पातेल्यात ओतला, स्टोव्हवर चढवला, आणि रवा विरघळला तरी जुन्या सवयीने ढवळतच राहिला. मध आरपार दिसू लागला, रंग मात्र कोऱ्या चहाचा. घरभर करपट वास. सुनयनाने धडाधड खिडक्या उघडल्या. ते उघडणं शेजारच्या तीन घरांना ऐकू गेलं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी, दिलेल्या नमुन्याचा कागद आणायला गेला तेव्हा, प्रयोगशाळेतल्या बाईंनी त्याला समोर बसवून समजावलं. मध फार तापला की त्यात एक द्रव्य वाढतं. साखरेचा पाक मिसळला तरी तेच वाढू शकतं. तेव्हा शुद्ध असल्याचं लिहून देता येत नाही.

"न तापवलेला थोडासा असेल ना घरात?"

"होता," गोवर्धन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मंदिरात बाबूरावांनी क्वात्र बॉर्नच्या दुकानातून आणलेली परदेशी मधाची बाटली मांडली. गोवर्धनने झाकण काढून हुंगलं. फुलांचा वास नावाला नाही, वर तोच करपट दर्प. कुठल्याशा कारखान्यात उकळलेला, मग दुकानाच्या काचेमागे उन्हात महिनोन् महिने पडलेला.

"बाबूराव, हाही तापवलेलाच आहे. माझ्यापेक्षा जास्त."

"असेल," बाबूराव मधाची धार सोडत म्हणाले, "पण ह्याला लेबल आहे, गोवर्धनभाऊ."

 पंचामृताचं तीर्थ वाटायला आलं तेव्हा गोवर्धनने हात पुढे केला. गणपतीने त्याचं काय बिघडवलं होतं? घोट घेतला, आणि करपट चव पुसायला प्रसाद वाटून संपेपर्यंत तो जीभ टाळूला घासत उभा राहिला.