यानेता काकूच्या नावानं लावलेलं दार

आमच्या चर्चचा पाउलासी डीकन हल्ली आपिया शहराहून पाहुणे आले की छाती फुगवून सांगतो, "आमची मंडळी पाप्याला जवळ करणारी मंडळी आहे. एका नाताळाला आम्ही एका हरवलेल्या लेकराला हाताला धरून आत आणलं." पाहुणे माना डोलावतात. मी मागे चहाचे कप विसळत असते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कारण त्या नाताळाला दारात आडवा हात लावून उभा होता तो हाच पाउलासी. आणि हाताला धरून आणलं ते मंडळीनं नाही, यानेता काकूनं. तिचं नाव या गोष्टीतून आता गळूनच गेलंय. म्हणून तिचीच गोष्ट सांगते.

यानेता काकू म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या भावाची बायको. लग्न होऊन दुसऱ्या गावातून आलेली. आमच्याकडे अशा बाईनं चूल सांभाळायची, चटया विणायच्या, नणंदांच्या पाहुण्यांना वाढायचं आणि गावाच्या बैठकीत तोंड उघडायचं नाही. मीही तशीच आलेली, म्हणून ठाऊक आहे. काकूचा नवरा लवकर गेला. एकच मुलगा, फिलिमोना. आवाज असा की तो वरच्या पट्टीत गायला लागला की समोरच्या घरातली भांडणं थांबायची. आणि आमच्या घरांना भिंती नाहीत, नुसते खांब. त्यामुळे भांडणं सगळ्यांची सगळ्यांना ऐकू येतात.

फिलिमोनाचा जिवलग दोस्त उएसिले. दोघं एकत्र वाढले, काकूच्या हातचं एकत्र जेवले. एके पहाटे दोघं होडी घेऊन मासे धरायला प्रवाळाच्या कड्यापलीकडे गेले. आदल्या संध्याकाळी घरी गाळलेली दारू प्यायलेले होते, ती पुरती उतरलीही नव्हती. परत येताना कड्यातल्या अरुंद वाटेवर होडी आपटली आणि उलटली. फिलिमोनाचा पाय मोडला. तो पालथ्या होडीला धरून राहिला आणि उएसिले पोहत किनाऱ्याला आला.

इथवर अपघात. पोरंटोरं दारू पितात, समुद्र कुणाचा सगा नसतो. पण पुढचं ऐका. उएसिले किनाऱ्याला लागला आणि त्यानं कुणालाही हाक मारली नाही. बाप मारील, गावसभा दंड करील, या भीतीनं तो कोकोच्या मळ्यात जाऊन लपला. दिवसभर लपला. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला, पोरं घरी नाहीत म्हणून आरडाओरडा झाला, तेव्हा कुठे तो बाहेर आला. तोवर ओहोटीनं होडी कुठल्या कुठे नेली होती. दुसऱ्या दिवशी ती सापडली. होडीच्या आडव्या दांडीला फिलिमोनाचा सदरा निशाणासारखा बांधलेला होता. म्हणजे पोरगं बराच वेळ जिवंत होतं, वाट बघत होतं. तो सदरा काकूनं पाहिला. फिलिमोना मात्र सापडला नाही.

आमच्या रीतीप्रमाणे उएसिलेचं अख्खं घराणं पहाटे आमच्या अंगणात येऊन बसलं, डोक्यावर बारीक विणीच्या चटया पांघरून, माना खाली घालून. दुखावलेल्या घरानं चटई उचलली तर माफी, नाही उचलली तर काहीही होऊ शकतं. माझे सासरे सोलोमोना हे आमच्या कुळाचे प्रमुख, म्हणजे मताई. ऊन चढल्यावर ते अंगणात उतरले आणि त्यांनी चटई उचलली. भाषणं झाली, रडारड झाली, मिठ्या मारल्या. काकू मागे चुलीपाशी होती. तिला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. संध्याकाळी तिनं मला एवढंच विचारलं, "माफ केलं का गं मी त्याला? मला कळलंच नाही."

घराण्यानं माफ केलं तरी गावसभेनं उएसिलेला हद्दपार केलं. तो दूरच्या बेटावर, पागोपागोला, ट्यूना मासे डब्यात भरायच्या कारखान्यात गेला. काकू तारोचे कंद लावत राहिली, चटया विणत राहिली, चर्चच्या गायकवृंदात खालच्या सुरात गात राहिली. तिची जीभ मात्र तिखट झाली. तिच्याशी बोलायला बायका बिचकायच्या.

सोळा-सतरा वर्षांनी उएसिले परत आला. एक पाय ओढत, खोकत. त्याच्या बहिणीनं, लुसियानं, त्याला घरात घेतलं. हद्दपारी उठवली होती, पण चर्चमध्ये येऊ द्यायचं का, यावर वडीलधाऱ्यांचं घोडं अडलं. प्रत्येक बैठकीत पाउलासी म्हणायचा, "माझी काही हरकत नाही हो. पण यानेताच्या काळजाला काय वाटेल? त्या माउलीसाठी तरी थांबलं पाहिजे." सगळे हळहळायचे आणि विषय पुढे ढकलला जायचा. उएसिले दर रविवारी चर्चसमोरच्या निरफणसाच्या झाडाखाली बसायचा. स्वच्छ पांढरा सदरा, मांडीवर पवित्र शास्त्र.

एकदा मी काकूला विचारलं, "काकू, तुम्हाला त्रास होतो ना तो तिथं बसलेला बघून?"

"होतो की. जिवाची आग होते. पण तो आत बसला काय, बाहेर बसला काय, आग तेवढीच."

"मग वडीलधाऱ्यांना तसं सांगायचं."

"मला विचारायला कोण आलंय, बाई?"

मग नाताळ आला. आमच्याकडे तो ऐन पावसाळ्यात येतो; सकाळपासून मुसळधार पाऊस. आम्ही पहाटेच भट्टीतले दगड तापवून डुक्कर, तारो, नारळाच्या दुधातली तारोची पानं पुरून ठेवली होती; सगळ्यांच्या केसांना धुराचा वास आणि अंगावर कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. चर्च खच्चून भरलेलं. पाळक तरुण, नवा, पण बोलायला गोड. त्यानं बेथलेहेमची गोष्ट लावली. दिवस भरलेली मरिया दारोदार फिरते, सराईत कुणी जागा देत नाही, शेवटी गुरांच्या दावणीत बाळ ठेवावं लागतं. बायका चुकचुकल्या. पुढच्या बाकावर पाउलासीच्या बायकोनं डोळे पुसले. "आणि देवदूत कुणाकडे गेला?" पाळक म्हणाला. "राजाकडे नाही, याजकाकडे नाही. ज्यांना कुणी उंबऱ्यात उभं करत नव्हतं त्या मेंढपाळांकडे. कारण हा तारणारा पाप्यांसाठी आला होता."

मंडळी म्हणाली, "आमेन."

आणि खिडकीतून सगळ्यांना दिसत होतं, उएसिले त्या झाडाखाली भिजत बसला होता.

गायकवृंदात एक बाक करकरलं. काकू उठली. मला वाटलं, तिला भोवळ आली. पण ती मधल्या वाटेनं तरातरा दाराकडे निघाली. उपासना चालू असताना आमच्याकडे लहान मूलसुद्धा उठत नाही. पाळकाचं वाक्य अर्धंच राहिलं. मी छत्री घेऊन मागे धावले.

दारात पाउलासी होता. दबक्या आवाजात म्हणाला, "यानेता, उपासना चालली आहे."

"मी आंधळी नाही. सरक."

ती भर पावसात झाडापाशी गेली. उएसिले धडपडत उठायला लागला.

"मावशी, मी जातो. तुम्हाला त्रास होत असेल तर..."

"गप्प बस. इथं कशाला बसतोस?"

"इथनं ऐकू येतं सगळं."

"ऐकू येतं! रेडिओ आहे का तो? चल आत."

"नको, मावशी. मी इथंच बरा. माझी लायकी नाही."

"लायकी?" काकूचा आवाज असा चढला की आतल्या माना वळल्या. "लायकी असती तर त्या तारणाऱ्यानं खाली यायचं कारणच काय होतं? वरच बसला असता सुखानं! आणि नीट ऐकून घे. मी तुला माफ केलेलं नाही. चटई उचलली ती माझ्या थोरल्या दिरानं. मी नाही. माझं पोरगं सदरा बांधून वाट बघत होतं आणि तू कोकोच्या झाडाखाली लपला होतास. ते मी विसरणार नाही."

"मीही नाही, मावशी."

"माफ करीन की नाही ठाऊक नाही. ते माझं नि देवाचं भांडण आहे. पण हे दार माझ्या नावानं लावलंय, ते मी चालू देणार नाही. ऊठ!"

तिनं त्याचं मनगट धरलं. हाताला धरणं कसलं, लहान पोराला शाळेत ओढत नेतात तसं नेलं. मी छत्री धरली होती, पण तिघंही चिंब झालो.

पाउलासीनं चौकटीला हात लावला. "गावाचा निर्णय व्हायचा आहे. यानेता, अगं, हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय. तुझ्या लेकराच्या..."

"माझ्या लेकराचं नाव घेऊ नकोस!" ती ओरडली. चर्चमध्ये. नाताळाच्या दिवशी. "माझ्या नावानं माफ केलंत तेव्हा मला विचारलं नाहीत. आता माझ्या नावानं दार लावलंत तेव्हाही विचारलं नाहीत. माझं दुःख म्हणजे काय तुमच्या दाराची कडी आहे? आत्ता सराईवाल्याच्या नावानं चुकचुकत होतात ना? तो सराईवाला कुठं बसलाय ते बघा की! आणि पाउलासी, तुझ्या घरालाही भिंती नाहीत. बायकोवर हात उठतो तेव्हा मलाही ऐकू येतं. तरी तुला पुढचं बाक आहे. कुणी बाहेर ठेवलं तुला? मीसुद्धा या बायकांशी तोंडाचं गटार करून भांडते, तरी गाते आहे इथं. हा जर आत येऊ शकत नसेल तर चला, आपण सगळेच बाहेर जाऊ. आत एकटं ते बाळ राहू दे!"

कुणी हललं नाही. पाळक पुस्तक धरून उभा. माझा त्या माणसावर अजून राग आहे. गोड बोलायला सगळ्यांना येतं. बोललेलं दारात उभं राहिलं तेव्हा त्याची वाचा बसली.

पाउलासीनं हात काढला तो काही पश्चात्तापानं नाही. काकू त्याला ढकलूनच आत शिरली. शेवटच्या बाकावर तिनं उएसिलेला बसवलं. शेजारच्या बाईनं आपली पोरं ओढून घेतली. मग पुढून लुसिया रडत आली आणि भावाला चिकटून बसली. काकू तशीच निथळत गायकवृंदात गेली आणि पाळकाकडे बघून म्हणाली, "चालू दे."

त्या आठवड्यात गावसभेनं आमच्या घराण्याला दंड केला: उपासना मोडली म्हणून, सगळ्यांत मोठं डुक्कर. सासरे घरी येऊन म्हणाले, "माझी अब्रू घालवलीस तू, यानेता!"

"डुक्कर मी पोसलंय," ती म्हणाली. "खुशाल न्या. तुमची अब्रू काही मी पोसलेली नाही."

सासऱ्यांनी नंतर बराच काळ तिच्याशी बोलणं टाकलं. दोन घराणी रागानं पलीकडच्या चर्चला जायला लागली. उएसिले मात्र शेवटच्या बाकावर बसत राहिला. गावसभेनं त्याला हाकललं नाही; तेवढं धाडस आता कुणात नव्हतं. मासे मिळाले की तो काकूच्या घराच्या खांबाला आणून टांगायचा. पहिल्यांदा तिनं ते कुत्र्यांना घातले. पुढच्या वेळीही. मग कधीतरी मी बघितलं तर चुलीवर शिजत होते.

"बघतेस काय," ती माझ्यावर खेकसली. "मासळीनं काय पाप केलंय?"

पावसाळा संपल्यावर एका दुपारी तिनं त्याला निरोप धाडून बोलावलं. तो आला, चटईच्या कडेला बसला. मी तिथंच चटयांसाठी पानं सोलत होते.

काकूनं विचारलं, "शेवटी काय म्हणाला तो?"

उएसिलेनं सांगितलं, "म्हणाला, 'तू जा. माणसं घेऊन ये. मी धरून राहतो.'"

"आणि तू गेलास."

"गेलो, मावशी."

"आणि माणसं आणली नाहीस."

"नाही आणली."

काकू रडली. त्या इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. तोही रडला, पण जवळ सरकला नाही. मग ती उठली, तारो आणि मासा पानावर वाढून त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "खा. सगळं खा. हाडं दिसायला लागलीत तुझी."

तो गेल्यावर ती मला म्हणाली, "देवानं आपला मुलगा पाठवायच्या आधी मला विचारलं असतं ना, तर मी म्हटलं असतं, सगळ्यांसाठी पाठव, पण उएसिलेसाठी नको. बरं झालं विचारलं नाही. मग माझ्यासाठीही नको म्हणणारी निघालीच असती कुणीतरी."

"म्हणजे माफ केलंत त्याला?"

"आज केलं. उद्याचं उद्या बघू."

उएसिले पुढे दोन नाताळ जगला. छातीच्या दुखण्यानं गेला. त्याला पुरताना काकू गायली, आणि वरच्या पट्टीत गायला कुणी नव्हतं म्हणून तोही सूर तिनंच लावायचा प्रयत्न केला. आवाज फाटला. कुणी हसलं नाही.

आणि आता पाउलासी सांगतो की मंडळीनं पाप्याला जवळ केलं. गेल्या खेपेला मी कप तिथंच आदळले आणि काकूकडे जाऊन सगळं ओकले. म्हटलं, "तुम्ही उठून एकदा सांगा त्याला भर सभेत!"

काकू आता म्हातारी झाली आहे, ऐकू कमी येतं. सगळं दोनदा सांगावं लागलं. मग ती हसली. "बोलू दे गं त्याला. तोही आतच बसलाय ना? बाहेर ठेवायचा कुणाला म्हटलं, तर सुरुवात कुठनं करणार?"

तिचं खरं असेल. देवाच्या घरी तेच चालत असेल. पण मला अजून हसू येत नाही.