तिची वेगळी कॉट

आमचा घटस्फोट झाला तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती. ती नगरला आईकडे राहणार आणि महिन्यातल्या दुसऱ्या नि चौथ्या शनिवारी माझ्याकडे कोपरगावला मुक्कामाला येणार, असं कोर्टात ठरलं. मी साखर कारखान्यात फिटर आहे. कारखान्याजवळ पत्र्याची एक खोली भाड्याने घेतली होती. त्या खोलीत एकच लोखंडी कॉट. कोर्टातल्या समुपदेशक मॅडमनी विचारलं, "मुलगी झोपणार कुठे?"

"तिची वेगळी कॉट हाय ना, मॅडम," मी म्हणालो. पहिल्या शनिवारच्या आत घेऊनच टाकू असं मनात होतं, त्यामुळे खोटं बोलतोय असं वाटलंही नाही.

कॉट घेतली नाही. पैसे नव्हते म्हणून नव्हे. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. पहिल्या मुक्कामाला तिला कॉटवर झोपवलं आणि मी खाली चटईवर पडलो. सकाळी मला उठताच येईना. कंबरेचं दुखणं जुनं. तिने ते पाहिलं. पुढच्या खेपेला पिशवी ठेवता ठेवताच ती म्हणाली, "पप्पा, मी खाली झोपते. मला खालीच आवडतं."

"खरंच?"

"हो. कॉट लई कुरकुरते."

बाप म्हणून मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. मी चटईवर गोधडी टाकून दिली आणि कॉटवर जाऊन झोपलो. झोपही चांगली लागली. हे लिहितानासुद्धा मान खाली जाते. थंडी आली, फरशीवर पाय ठेववेना. मी बाजारातून आणखी एक गोधडी आणली. कॉट नाही आणली.

काही महिन्यांनी मॅडमनी तिघांनाही बोलावलं. तिची आई झेरॉक्स काढायला गेली होती, तेवढ्यात मी मुलीला हळूच म्हणालो, "मॅडमनी इचारलं तर सांग, माझी वेगळी कॉट हाय म्हणून." तिने का, कशाला, काही विचारलं नाही. नुसती मान हलवली.

मॅडमनी तिला एकटीला आत घेतलं. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. दार अर्धवट उघडं होतं.

"माझी कॉट खिडकीपाशी आहे," ती सांगत होती. "पप्पांच्या कॉटपेक्षा लहान आहे. तिच्यावर फुलाफुलांची चादर आहे. उशीखाली मी गोष्टीचं पुस्तक ठेवते. आणि झोपल्या झोपल्या लिंबाचं झाड दिसतं."

माझ्या खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते. मी तिला एकच वाक्य शिकवलं होतं. बाकीचं सगळं तिने कधीतरी चटईवर पडल्या पडल्या मनातल्या मनात मांडून ठेवलं असणार.

तिची आई समोर बघतच म्हणाली, "कॉट न्हाईये ना?"

मी वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागलो.

"मला म्हाईत हाय. रविवारी घरी येती तवा गालावर चटईचे वळ असत्यात. इचारलं तर म्हणती, पप्पांची कंबर दुखती, तू कुणाला सांगू नको." तिने झेरॉक्सचे कागद पिशवीत घातले. "मी न्हाई सांगितलं. मुक्काम बंद झाला असता तर तीच रडली असती. पण तुमी तिला खोटं बोलायला लावाल, असं वाटलं नव्हतं."

मी उठलो आणि आत गेलो. "मॅडम, कॉट न्हाई. पोरगी खाली झोपती आणि मी कॉटवर. तिला मीच सांगायला लावलं."

खरं बोलून मोकळं व्हावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मुलीकडे पाहिलं तर तिचा चेहरा लालभडक झाला होता. ती मॅडमकडे बघेना, माझ्याकडेही बघेना. फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

मॅडमनी लिहून घेतलं. सोय होईपर्यंत मुक्काम बंद, सकाळी यायचं आणि संध्याकाळी परत. त्याच आठवड्यात मी टेम्पोतून कॉट आणली. जे काम अर्ध्या दिवसाचं होतं, ते मी इतके महिने केलं नव्हतं. दोन महिन्यांनी तिच्या आईनेच हरकत नसल्याचं सांगितलं आणि मुक्काम पुन्हा सुरू झाला.

त्या पहिल्या शनिवारी एसटीत ती म्हणाली, "मी एवढं नीट सांगितलं होतं, पप्पा. तुम्ही मला मॅडमसमोर खोटारडी केलं."

"चूक माझी हुती, बाळा."

"मग मला आधी बाहेर पाठवायचं ना. मग सांगायचं."

मी तिची पिशवी मांडीवर घेतली. राहुरी गेलं तरी ती तशीच धरून बसलो होतो.

आता ती अकरा वर्षांची आहे. येते, तिच्या कॉटवर झोपते. पण काही हवं का विचारलं की "नको" म्हणते, थंडी वाजते का विचारलं तरी "नाही" म्हणते. मी आता तिच्या शब्दावर राहत नाही. परवा पहाटे ड्यूटीला निघताना तिच्या पायांना हात लावून पाहिला. गारठलेले होते. माझी रग तिच्यावर घातली. ती जागी होती. डोळे न उघडता तिने रग गळ्यापर्यंत ओढून घेतली.