सीमंतिनीने तपासलेलं पाणी

आमच्या घरात वाईट बातमी सांगायची तर आधी चहा टाकतात. माझी नणंद सीमंतिनी मात्र चपला काढता काढताच सांगून मोकळी होते. त्या संध्याकाळीही दारातूनच म्हणाली, "वहिनी, प्रांजलीला विहिरीचं पाणी देऊ नका. त्यात कीटकनाशक निघालंय."

प्रांजली माझी मुलगी, पाच वर्षांची. याच पाण्यावर वाढलेली. आमचं घर हिंदी मुलखातल्या एका शहरात, हजिरा नावाच्या वस्तीच्या पलीकडे. अंगणात विहीर आणि भिंतीमागे भाजीचा मळा. भेंडीवर फवारणी सुरू झाली की मी खिडक्या लावून घ्यायचे. विहिरीला कसली खिडकी लावणार?

सीमंतिनी विद्यापीठात रसायनशास्त्रात संशोधन करते. पाण्यात, मातीत अगदी कणभर उरलेलं कीटकनाशक शोधून काढायचं, हे तिचं काम. बोटाएवढ्या नळीत ती एक सच्छिद्र पावडर भरते आणि बाटलीभर पाणी त्यातून थेंबथेंब जाऊ देते. पाणी निघून जातं, औषध पावडरीत अडकतं. मग ते थोड्याशा द्रवाने सोडवून यंत्रात तपासायचं. सासूबाईंना तिने समजावलं होतं, "आई, अनारशाच्या जाळीत तूप अडकतं ना, तसं. फक्त ही जाळी डोळ्यांना दिसत नाही."

"माझ्या अनारशात तूप राहत नाही," सासूबाई म्हणाल्या.

सीमंतिनी पहिल्यापासून अशीच. एकदा बघायला आलेल्या मंडळींनी स्वयंपाक येतो का विचारलं, तर म्हणाली येतो, पण मीठ चाखून घालते, अंदाजाने नाही. ते लोक परत आले नाहीत, आणि हिला त्याचं काही वाटलंही नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरी विकतच्या पाण्याचे मोठाले कॅम्पर येऊ लागले. प्रांजली तोंड वाकडं करून म्हणायची, "मम्मी, ये पानी मीठा नहीं है." सासूबाई दुखावल्या होत्या, आपल्या विहिरीला नावं ठेवायला सीमंतिनीला एवढं शिकवलं का, असं अंबरीशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ऐकवत होत्या. मी रोज सीमंतिनीला एकच विचारायचे: इतकी वर्षं प्यायली, पोरीला काही होणार नाही ना? काही होणार नाही, एवढंच मला ऐकायचं होतं. तिने ते एकदाही म्हटलं नाही.

"मला माहीत नाही, वहिनी. माहीत करून घेते."

तिने विहिरीच्या काठची आणि मळ्याच्या भिंतीलगतची माती नेली. पाण्यात एवढं औषध असेल तर मातीत त्याची खूण हवी, असं तिचं म्हणणं. मातीत जवळजवळ काहीच सापडलं नाही. मग तिने स्वतः पोहरा सोडून पाणी काढलं, नेऊन तपासलं. त्यातही नावापुरतंच निघालं. आम्हाला हायसं वाटलं, पण तिचा चेहरा उतरलेलाच. दोन वेळा दोन उत्तरं म्हणजे एकही उत्तर नाही, म्हणाली.

जेवताना तिला आठवलं, की पहिल्या वेळी सकाळचा तास होता म्हणून बाटली आईने भरून ठेवली होती. कशी भरलीस, तिने विचारलं.

"कशी म्हणजे? गाळून. परक्यांकडे जायचं पाणी, न गाळता कसं द्यायचं?"

आमच्याकडे ही रीतच आहे. सीमंतिनीने पोळी ताटात ठेवली. "कुठल्या कापडाने?"

रोजचं गाळणं पिवळं पडलेलं. पाणी विद्यापीठातल्या सरांपुढे जाणार, म्हणून सासूबाईंनी नवं मलमल काढलं होतं. आणि ते ठेवलेलं होतं गव्हाच्या कोठीत. वर्षाचा गहू भरताना किडे पडू नयेत म्हणून त्यांनी बाजारातली पांढरी पावडर त्याच मलमलीच्या पुरचुंड्यांत बांधून कोठीत टाकली होती, आणि उरलेलं कापड घडी करून वर ठेवलं होतं.

मला वाटलं, आता ही आईला बोलणार. तिने ते कापड फक्त शुद्ध पाण्यात बुडवलं आणि ते पाणी आपल्या नळीतून सोडलं. पहिल्या बाटलीत होतं तेच औषध निघालं. मग विहिरीचं पाणी पुन्हा तपासलं, रोजच्या गाळण्यातून गाळलेलंही. दोन्ही वेळा मान्य मर्यादेच्या खूप खाली.

पुरचुंड्या तिने बांधून नेल्या. गव्हाचा नमुनाही नेला आहे; त्याचं उत्तर येईपर्यंत आम्ही बाहेरचं पीठ आणतो. ती चिंता माझ्या डोक्यात आहेच. पण पुढचा गहू कडुलिंबाच्या पाल्यात ठेवायचं ठरलंय, आणि हे सापडलं नसतं तर आम्ही विहीर बुजवून तो गहू खात बसलो असतो.

पाण्याचा निकाल आला त्या दिवशी सीमंतिनीने विहिरीचं पाणी पेल्यात घेतलं, स्वतः प्यायली आणि मला म्हणाली, "आता द्या." प्रांजलीने दोन पेले संपवले.

पंधरवड्याने पावसाळा संपला, तेव्हा पाणी पुन्हा तपासायचं होतं. सासूबाईंनी बाटली भरून तिच्या हातात दिली, दुसरीकडे बघत.

"घे. गाळलेलं नाही. एक काडीसुद्धा आहे त्यात. सरांना सांग, आमच्याकडे असं देत नाहीत."